आधी बेड्या, मग हार

आमच्या टॉकीजमध्ये दोन पडदे होते. एक पांढरा, त्यावर सिनेमा दिसायचा. त्याच्याबद्दल सगळे लिहितात. दुसरा किरमिजी रंगाचा, जाड कापडाचा, तो मी ओढायची. त्याच्यावर कुणी चार ओळी खरडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा," तेव्हा मी विचारलं, "कुठल्या पडद्याबद्दल लिहू?" त्या हसल्या. मी थट्टा करत नव्हते.

नव्या लोकांसाठी थोडं समजावून सांगते. निजामाच्या मुलखात टॉकीज म्हटली की बायकांची बसायची जागा वेगळी असायची. तिला जनाना म्हणत. राज्य गेलं, जनाना राहिला. सेलूच्या आमच्या टॉकीजमध्ये खुर्च्यांच्या उजव्या अंगाला कमरेएवढा कठडा, कठड्याच्या आत बाकांच्या ओळी, यायला-जायला मागच्या गल्लीतून वेगळं दार, आणि कठड्यावर माझा पडदा. दिवे चालू आहेत तोवर पडदा बंद. दिवे गेले की मी तो सर्रकन उघडायचा, म्हणजे बायकांना सिनेमा दिसावा आणि पुरुषांना बायका दिसू नयेत. इंटरव्हलचे दिवे लागायच्या आत परत बंद. काम म्हणाल तर एवढंच, पण चुकलं की गावभर बोभाटा. एकदा पडद्याची कडी दांडीत अडकली आणि दिवे लागले. अर्ध्या बाजाराला आपापल्या घरच्या सुना कठड्यामागे दिसल्या. त्यातल्या दोघी घरी दवाखान्यात जाते असं सांगून आल्या होत्या. तेव्हापासून मी दांडीला एरंडेल चोळायला लागले.

माझ्याआधी हे काम एक वयस्क खाला करायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि शेटजींनी मला घेतलं. शेटजी म्हणजे टॉकीजचे मालक. आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या वर्षी माझ्या वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले, तेव्हा मी परकरात होते. मला ठेवली म्हणून गावातल्या काही घरच्यांनी शेटजींकडे कुरकुर केली. शेटजी म्हणाले, "अंधारात कोण कुणाला शिवतंय?" उजेडात मात्र दारात मी उभी असायची, आणि तिकिटाचा अर्धा तुकडा माझ्याच हातातून घ्यावा लागायचा. काही जणी तो पदराच्या टोकाने घ्यायच्या. मीही मग तो जरा उशिरा सोडायची.

गिऱ्हाइकं एकेक भारी होती. एका वकिलाच्या बायको फक्त झोपायला यायच्या. घरात सासू, दोन जावा आणि नवऱ्याचे पक्षकार, डोळा लागायचा नाही. त्या कोपऱ्यातला बाक धरून गाढ झोपायच्या आणि शेवटच्या गाण्याला मी त्यांना हलवून उठवायची. घरी गोष्ट सांगावी लागे, म्हणून दारात मी त्यांना दोन वाक्यांत गोष्ट सांगायची. कंटाळा आला की मनची सांगायची. त्यांच्या घरी कित्येक सिनेमे असे पोचले, जे कुठल्याही निर्मात्याने काढले नाहीत.

दुसऱ्या गयाबाई. जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या, वयाने साठीच्या पुढे, आणि पहिला बाक त्यांचा. पडद्यावरच्या माणसांशी त्या थेट बोलायच्या. "आगं, मागं बघ, मागं उभा हाय मुडदा," असं त्यांनी ओरडून कित्येक नायिकांना सावध केलं, पण एकीनेही ऐकलं नाही. "शिकलेल्या पोरी, ऐकत न्हाईत," असं म्हणत त्या पान लावायच्या.

आता त्या सिनेमाकडे येते. नाव सांगत नाही. त्याच्या निर्मात्याची नातवंडं कुठे असतील तर त्यांना आमच्या गावात त्याचं काय झालं हे न कळलेलं बरं. हिंदी होता, मारामारीचा, खुनाचा. श्रीमंत घरातली एक तरुण विधवा एका बाबाच्या नादी लागते. बाबा आश्रमात चमत्कार दाखवतो, आतून सोन्याची चोरटी ने-आण करतो, आणि ज्या बायकांना फार कळतं त्यांची समाधी बांधतो. एक इन्स्पेक्टर चेला बनून आत शिरतो, बाबाची दाढी उपटतो, बेड्या घालतो. शेवटच्या रिळात नायिका कपाळाला पट्टी बांधून इन्स्पेक्टरशी लग्न करते. शहाण्यासाठी एवढी गोष्ट पुरे.

सिनेमा तेव्हा पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेने यायचा. एकेका डब्यात एकेक रीळ. आधीच्या गावच्या ऑपरेटरने दोन रिळं एकमेकांच्या डब्यांत घातली होती. आमचे ऑपरेटर हमीदभाई डब्यावरचा आकडा बघून रीळ चढवायचे. पडद्याकडे ते कधीच बघत नसत. त्यांचा जीव मशीनचा उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या जळत्या कांडीत. त्यामुळे झालं असं की बाबाला बेड्या पडल्या इंटरव्हलनंतर लगेच, आणि नायिका बाबाला हार घालून "मी तुमच्यावर संशय घेतला, क्षमा करा" म्हणाली ती शेवटाला. त्यानंतर सरळ लग्न.

दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या. आमच्या जनान्यात कुणाला काही खटकलंच नाही. उलट सगळ्यांना गोष्ट झकास जुळली.

"संताला धरलं व्हतं, सुटून आला," गयाबाईंनी निकाल दिला. "कृष्ण बी तुरुंगातच जल्मला की."

"आन् ज्यानं धरलं त्यालाच आशीर्वाद दिला," मागच्या बाकावरून एकजण म्हणाली. "लय मोठं मन."

दुसऱ्या दिवशी बायका हार-नारळ घेऊनच आल्या. शेवटाला बाबा पडद्यावर आला की कठड्याशी नारळ फुटायचे. मी झाडू मारून वैतागले. शेटजी मात्र खूश होते, कारण आठवडाभर उभं राहायला जागा नव्हती.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या गावात एक खराखुरा महाराज उतरलेला होता.

रेल्वेलाइनीपलीकडे एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या शेडमध्ये त्याने दोनेक महिन्यांपासून आसन मांडलं होतं. दर गुरुवारी तिथे पाण्याने दिवा पेटायचा. समईत तेल नाही, नुसतं पाणी ओतायचं. चेला वरून उदबत्ती ओवाळायचा आणि भक्कन ज्योत यायची. शेडमध्ये ऊद-लोबानाचा इतका धूर असायचा की माणसाला स्वतःचा हात दिसू नये. महाराजाकडे जातपात नव्हती. लोक म्हणायचे, बघा किती मोठेपणा. मला त्याचं मोठेपण दुसरीकडे दिसायचं. त्याच्याकडे फक्त बायका टिकायच्या, आणि त्यातही ज्यांच्यामागे विचारायला कुणी नाही अशा.

माझी नणंद वत्सला त्यातली. ऐन पंचविशीत नवरा गेला आणि ती आमच्या घरी आली. माझा नवरा जिनिंगच्या प्रेसवर, मी टॉकीजवर. ही घरी भाकऱ्या थापणार आणि भिंतीकडे बघणार. आमच्या घरात बुद्धाची तसबीर, देवदेवस्की नाही. तिने महाराजाकडे जावं हे माझ्या नवऱ्याला सोसेना. तो तिच्यावर ओरडला, आणि ओरडण्याने जे होतं तेच झालं.

मी तिला एकदा नीट विचारलं, "तिथं काय सापडलंय तुला?"

"वहिनी, समईत पाणी मी ओतते," ती म्हणाली. "माझ्या हातानं दिवा लागतो. महाराज म्हणले, दुसरीच्या हातानं न्हाई लागत."

आमच्या घरात तिच्या हाताने फक्त चूल पेटायची, आणि त्याबद्दल कुणी तिला कधी काही म्हटलं नव्हतं.

त्या गुरुवारी संध्याकाळच्या पॅसेंजरने महाराज चार-पाच बायकांना घेऊन दूरच्या मोठ्या मठात जाणार होता. तिथे गेलं की जुनं नाव टाकायचं आणि माघारी यायचं नाही. आदल्या वर्षी जवळच्या बोरीची गंगा नावाची बाई याच महाराजाबरोबर अशीच गेली होती. तिचा भाऊ शोधायला गेला तो पाय मोडून परत आला. चेल्यांनी त्याला वाटेतच गाठलं होतं; मठ कुठल्या गावात आहे हेही त्याला कळलं नव्हतं. हे वत्सलाला ठाऊक होतं. पण शुक्रवारी तिने हा सिनेमा पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "बगितलं ना? संतावर आळ येतोच. संशय घेणारीलाच शेवटी पाया पडावं लागतं." तिने ट्रंक आवरायला घेतली. एक लुगडं, कंगवा आणि नवऱ्याचा फोटो. मला रात्री झोप लागेना.

मंगळवारी, चवथ्या की पाचव्या दिवशी, माझ्या डोक्यात उजेड पडला. पडदा उघडून मी दाराशी उभी होते. बेड्यांच्या रिळात नायिकेच्या कपाळाला पट्टी. हाराच्या रिळात कपाळ साफ, ओरखडासुद्धा नाही. लग्नात परत पट्टी.

मी गयाबाईंना विचारलं, "मावशी, हिची जखम गेली कुठं आन् आली कुठून?"

"गेली बाबाच्या किरपेनं," त्या म्हणाल्या. "आन् लग्नात परत लागली आसंल. लग्न म्हणल्यावर लागतंच की काई ना काई."

मी तडक केबिनमध्ये गेले. हमीदभाई तापले. "क्या बोलते बहन? इत्ते साल हो गये, हमारे हात से रीळ कबी उल्टी नै हुई." मग त्यांनी दोन्ही रिळं काढली, फिल्म दिव्यासमोर धरली आणि कडेचे आकडे बघितले. म्हणाले, "पिछले गाँव का वो ऑपरेटर, उसको तो मैं देखतूं." त्यांनी रिळं योग्य डब्यांत घालायला घेतली. मी त्यांचा हात धरला.

"आत्ता नको," मी म्हटलं. "ज्या बायकांनी बघायचं त्यांनी बघून झालंय. त्या परत कशाला येतील?"

"फिर?"

"महाराजालाच आणू. तो आला की सगळ्या येतील."

हमीदभाई हसले नाहीत, पण त्यांनी चहा मागवला. ते तयार आहेत, हे मला त्यावरून कळलं.

महाराजाला आणणं अवघड गेलं नाही. मी शेटजींच्या कानावर घातलं, गाव म्हणतंय हा सिनेमा म्हणजे आपल्याच महाराजांची लीला, त्यांनी पायधूळ झाडली तर शेवटचा दिवस काय भरेल! शेटजी स्वतः हार घेऊन शेडवर गेले. महाराजाने सिनेमा पाहिला नव्हता. लोकांनी सांगितलं तेवढं त्याला माहीत, आणि लोकांनी सांगितलेलं त्याला गोड वाटलं होतं. गुरुवारी तीनच्या खेळाला सगळ्या भक्तिणींसह येतो, तिथूनच स्टेशनवर जाऊ, असं त्याने कळवलं. शेटजींना रिळांचं काही सांगितलं नाही. त्यांना ब्लडप्रेशर होतं.

गुरुवारी महाराज वाजतगाजत आला. जनान्याच्या कठड्यालगत त्याच्यासाठी गादीची खुर्ची मांडली होती, म्हणजे बायकांना सिनेमाबरोबर दर्शनही व्हावं. वत्सला पहिल्या बाकावर गयाबाईंच्या शेजारी, पायाशी ट्रंक. दिवे गेले. मी पडदा उघडला. हे फसलं तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीचं काही नाही, पण ती ट्रंक गाडीत चढणार होती.

इंटरव्हलनंतर हार आला. बायकांनी नारळ उचलले, पण गोंधळल्या. हार इतक्या लवकर कसा? मग नायिका आश्रमाच्या तळघरात उतरली. तिथे इन्स्पेक्टर तिला समई दाखवतो. समईच्या पोटातून एक पांढरा खडा काढतो, त्यावर पाणी टाकतो, वर जळती उदबत्ती धरतो, आणि भक्कन ज्योत येते. इन्स्पेक्टर म्हणतो, हा कार्बाइडचा खडा. वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. घाण वास येतो म्हणून वर धूर करायचा.

हाच खडा बायकांनी आठवडाभर पाहिला होता, पण हार शेवटाला यायचा म्हणून तो संतावरचा आळ समजला होता. आता गयाबाई, नेहमीसारख्या पडद्याशी नाही, तर शेजारणीशी बोलल्या, पण आवाज नेहमीचाच होता. "आगं बाई, म्हंजी आपल्या गुरुवारच्या दिव्यात बी ह्येच काय?"

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. वत्सला हसली नाही. तिने आपला उजवा हात उचलून नाकाशी नेला आणि हुंगला. मला अंधारात तेवढं दिसलं. माझी युक्ती मी महाराजासाठी केली होती, आणि पहिला घाव तिच्या हातावर बसला होता.

महाराज ताडकन उठला. "बंद करा हे पाखंड!" त्याची जटा आणि दाढी मशीनच्या झोतात आली आणि भली मोठी सावली पडद्यावर पडली, नेमकी बेड्यांवर. आता लोक घाबरणार असं मला वाटलं. पण आमच्या गावचं पब्लिक देवाला भिईल, भुताला भिईल, सिनेमाच्या आड येणाऱ्याला भिणार नाही.

"ओ, बसा की खाली!" मागून एकजण ओरडला. "दिसंना गेलंय!"

"बस खाली, बुवा!"

"पिक्चर बगू द्या!"

त्या माणसाला आयुष्यात कुणी बस खाली म्हटलं नसावं. चेले केबिनकडे धावले, पण हमीदभाईंनी आतून कडी घातली होती. एका चेल्याने मेन स्विचच्या खोलीत जाऊन सगळे दिवे लावले. उजेडात हमीदभाईंनी मशीन थांबवलं. पडदा उघडाच होता. सगळा जनाना सगळ्या गावासमोर उजेडात. बायकांनी पदर ओढले. माझा हात सवयीने दोरीकडे गेला, तेवढ्यात महाराज कठड्याशी आला.

"वत्सला, चल," तो अगदी मायेने म्हणाला. "गाडीची वेळ झाली. तुझ्या हातात देव आहे, ही माणसं त्याला खडा म्हणतात."

ती उभी राहिली. मी म्हटलं, गेली. तिने ट्रंक उचलली आणि कठड्यापर्यंत गेली.

"महाराज," ती म्हणाली, "बोरीची गंगा कुठं हाय?"

"आतल्या गोष्टी बाहेर विचारायच्या नसतात, बाळ."

वत्सलाने ट्रंक खाली ठेवली. "मग मी भाईरच बरी," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

महाराजाने कठड्यावरून हात आत घातला. तेव्हा मी पडदा ओढला, असा की कड्यांचा आवाज बाजारपेठेत गेला असेल. एक चेला पडदा फाडायला आला आणि तिसऱ्या वर्गातले हमाल, गाडीवान, प्रेसवरचे गडी खुर्च्यांवरून उड्या टाकत पुढे झाले. त्यातला कुणी कधी महाराजाविरुद्ध बोलला नव्हता. पण जनान्याचा पडदा तो जनान्याचा पडदा. "तिकडं आपल्या आया-बहिणी बसल्यात," एक गाडीवान म्हणाला. "एक पाऊल टाकून दाखीव." ज्या पडद्याला मी वर्षभर शिव्या दिल्या, त्याच्यामागे त्या दिवशी आम्ही सगळ्या सुखरूप होतो. महाराजाने इकडेतिकडे बघितलं आणि चेल्यांना घेऊन बाहेरची वाट धरली. संध्याकाळच्या पॅसेंजरने तो गेला. त्याच्याबरोबर एकही बाई गेली नाही.

बायकांनी मात्र हालायला नकार दिला. तिकिटाचे पैसे दिले होते, शेवटचं रीळ राहिलं होतं. हमीदभाईंनी ते लावलं, मी पडदा उघडला, आणि पट्टी बांधून नायिकेचं लग्न लागलं. उरलेले नारळ तेव्हा फुटले.

घरी वत्सला माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पाणी दिलं तर प्यायची, एवढंच. मी तिला वाचवलं असं गाव म्हणायचं. मी तिच्याकडून काहीतरी काढूनही घेतलं होतं, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. मग एके सकाळी तीच म्हणाली, "मला बोरीला जायचंय." महाराजाच्या बोलण्यातून त्या मठाचं गाव तिच्या कानावर आलेलं होतं. गंगाच्या भावाला तिने ते सांगितलं. तो लंगडत परभणीला गेला, पोलिसांच्या मागे लागला, दोनदा हाकलला गेला, तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर वत्सलाही जाऊन बसली. शेवटी पोलीस गेले. महाराज निसटला, आजतागायत सापडला नाही. गंगा सापडली, एका बंद खोलीत.

ती घरी आल्यावर बोलेना, जेवेना. वत्सला तिला भेटायला जायची. एक दिवस तिला घेऊन टॉकीजवर आली. निव्वळ हसवणारा सिनेमा लागला होता. म्हणाली, "जरा हसंल तरी." दोघी पहिल्या बाकावर बसल्या. दिवे गेले, मी पडदा उघडला, आणि गंगा ओरडली. असं ओरडताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. अंधार तिला सोसत नव्हता. जनान्याच्या दारावर एक बल्ब होता, त्याचं बटण माझ्याजवळ. मी तो लावला. ती गप्प झाली, वत्सलाचा हात घट्ट धरून बसली. पण बल्ब चालू आणि पडदा उघडा, म्हणजे आतली बाई न् बाई बाहेरच्यांना दिसत होती. पुरुषांच्या माना वळायला लागल्या होत्या.

मी दोरी हातात धरून बायकांना विचारलं, "काय करू? दिवा घालवू, का पडदा लावू?"

दवाखान्यात जाते सांगून आलेल्या एकदोघी त्या दिवशीही असतीलच. वकिलाच्या बायको जाग्या झाल्या होत्या. त्यांनी आधी गंगाकडे पाहिलं, मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि समोर सिनेमा बघायला लागल्या. मग शेजारचीने पदर सारला, मग तिच्या शेजारचीने.

"ऱ्हाऊ दे दिवा," गयाबाई पान लावता लावता म्हणाल्या. "दिसलो तर दिसलो. आमी काय चोरी करायलोत का?"